मापात पाप नेमके कुठे होते? घरच्या पास्त्याच्या पिठाविषयी वाचकांचे प्रश्न

घरी ताजा पास्ता करणाऱ्या वाचकांच्या पत्रांत या वेळी एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली आहे: कृती तीच, पीठ तेच, अंडी तेवढीच, तरीही गोळा एकदा फुटतो आणि एकदा हाताला चिकटतो. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरे खाली दिली आहेत.

प्रश्न : माझ्या कृतीत दोन कप मैदा आणि तीन अंडी असे प्रमाण आहे. मी दर वेळी तोच कप वापरते, तरी कधी पीठ इतके सैल होते की वरून मैदा घालत बसावे लागते, तर कधी ते एकत्रच येत नाही. चूक कुठे होत असावी?

उत्तर : कप तोच असला, तरी तो भरण्याची पद्धत दर वेळी थोडी बदलते, आणि गोंधळाचे मूळ बहुधा तिथेच आहे. मैदा अतिशय बारीक असल्यामुळे त्याच्या कणांमध्ये हवा अडकून राहते, आणि ती किती राहील हे पीठ कसे हाताळले यावर ठरते. उदाहरणादाखल २४० मिलिलिटरचा कप घ्या. मैदा डब्यातच हलवून मोकळा केला, चमच्याचमच्याने कपात पडू दिला आणि वरची शीग सुरीच्या पाठीने सपाट केली, तर त्यात सुमारे १२० ते १२५ ग्रॅम मैदा बसतो. तोच कप थेट डब्यात खुपसून भरला, तर १४० ते १५० ग्रॅम बसतो. भरताना तो ओट्यावर आपटला किंवा पीठ बोटांनी दाबले, तर वजन १६० ग्रॅमपर्यंतही जाते.

आता हे आकडे तुमच्या कृतीला लावून पाहा. मध्यम आकाराची तीन अंडी फोडली की साधारण १५० ग्रॅम भरतात. दोन कप मोकळा मैदा म्हणजे २४० ग्रॅम, त्यामुळे अंड्यांचे वजन पिठाच्या ६२ टक्क्यांवर जाते आणि पीठ हाताला चिकटते. दोन कप खुपसून भरलेला मैदा म्हणजे ३०० ग्रॅम, आणि मग हेच प्रमाण ५० टक्क्यांवर येते, जे हाताने मळून लाटायच्या पास्त्याला अगदी योग्य आहे. त्यातच अंडी जरा लहान निघाली आणि कप जरा दाबून भरला गेला, तर प्रमाण ४० ते ४२ टक्क्यांपर्यंत घसरते आणि पीठ एकत्र येत नाही. अंड्यांचे वजन पिठाच्या ५० ते ५५ टक्के असावे, एवढीच काय ती सुरक्षित पट्टी आहे, आणि कपाने मोजताना ती पार ओलांडली जाते.

शिवाय कपाचे मापही जगभर एक नाही. अमेरिकी कप साधारण २४० मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियातला २५० मिलिलिटरचा, तर जपानमधला २०० मिलिलिटरचा असतो. कृती कुठल्या देशातली आहे हे ठाऊक नसेल, तर कपाचा आकडा म्हणजे अंदाजपंचे दाहोदर्से. यावर उपाय एकच, तो म्हणजे एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा साधा डिजिटल काटा. तो सपाट जागी ठेवावा, त्यावर रिकामे भांडे ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि मग पीठ घालावे. अनेक काटे थोडा वेळ हात थांबला की आपोआप बंद होतात, म्हणून प्रत्येक वजन लगेच कागदावर लिहून ठेवणे बरे.

प्रश्न : मी काट्यावर मैदा मोजतो आणि १०० ग्रॅमला एक अंडे हे प्रसिद्ध प्रमाण काटेकोरपणे पाळतो. तरीही फरक पडतो. याचे कारण काय?

उत्तर : तुम्ही पीठ तोललेत, पण अंडी मोजलीत, ती तोलली नाहीत. १०० ग्रॅमला एक अंडे हा इटलीतल्या घरगुती स्वयंपाकाचा जुना ठोकताळा आहे. तिथे रोजच्या खरेदीत १०० ग्रॅम हे नेहमीचे माप असल्यामुळे तो लक्षात ठेवायला सोपा जातो, आणि मध्यम अंड्याला तो बरोबर लागूही पडतो. पण सगळी अंडी मध्यम नसतात. युरोपातील प्रतवारीनुसार कवचासह ५३ ग्रॅमच्या आतले अंडे लहान, ५३ ते ६३ ग्रॅमचे मध्यम, ६३ ते ७३ ग्रॅमचे मोठे आणि त्यापुढचे फार मोठे समजले जाते. कवचाचे वजन एकूण वजनाच्या एक दशांशाहून थोडे अधिक असते. म्हणजे ५० ग्रॅमच्या अंड्यातून सुमारे ४४ ग्रॅम, तर ७० ग्रॅमच्या अंड्यातून सुमारे ६२ ग्रॅम ऐवज हाती येतो. अशी तीन तीन अंडी ३०० ग्रॅम मैद्यात घातली, तर एका गोळ्यात १३२ ग्रॅम आणि दुसऱ्यात १८६ ग्रॅम ओलावा असलेला ऐवज जातो, आणि हा फरक एका अख्ख्या अंड्याहून जास्त आहे.

म्हणून माझा आग्रह असा की क्रम उलटा करावा. आधी अंडी फोडून भांड्यात तोलावीत आणि मग त्यांच्या दुप्पट वजनाचे पीठ घ्यावे. समजा तीन अंडी १४१ ग्रॅम भरली, तर मैदा २८० ग्रॅम घ्यावा. दोन ग्रॅमसाठी जीव टाकण्याचे कारण नाही. अंडी मोडून अर्धे अंडे घेता येत नाही, पीठ मात्र हवे तेवढे घेता येते, एवढाच यातला साधा हिशेब आहे. या पद्धतीत अंडी कोणत्याही आकाराची असली तरी गोळा दर वेळी एकसारखा होतो.

एक गोष्ट मात्र सांभाळावी. तोललेल्या पिठातले साधारण एक दशांश पीठ सुरुवातीला बाजूला राहू द्यावे आणि लागेल तसे ओढून घ्यावे. घट्ट झालेल्या गोळ्यात पाणी मुरवणे हे मनगटाची परीक्षा पाहणारे काम आहे. त्या मानाने सैल गोळ्यात चमचाभर पीठ जिरवणे सोपे जाते. लाकडी पाटावर पिठाचे आळे करून त्यात अंडी फोडण्याच्या इटालियन पद्धतीत हे आपोआप साधते, कारण गोळा त्याला हवे तेवढे पीठ घेतो आणि उरलेले कडेला राहते. कडेच्या या पिठात वाळलेल्या कण्या मिसळलेल्या असतात. त्या गोळ्यात परत गेल्या तर लाटताना पारीत खडे लागतात. हे पीठ चाळून ठेवावे आणि त्याचे वजनही एकदा पाहावे. २८० पैकी १५ ग्रॅम उरले, तर तुमच्या पिठाला त्या दिवशी २६५ ग्रॅमच पुरले, हे पुढच्या वेळेसाठी कळते.

प्रश्न : इटलीच्या कायद्यात अंड्याच्या पास्त्याला किलोमागे फक्त चार अंडी सांगितली आहेत, असे वाचनात आले. घरच्या कृतीत तर किलोला दहा अंडी पडतात. मग खरे प्रमाण कोणते?

उत्तर : दोन्ही खरी आहेत, कारण ती वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. २००१ च्या १८७ क्रमांकाच्या इटालियन अध्यादेशानुसार सुक्या अंडा-पास्त्यात एक किलो सेमोलामागे, म्हणजे ड्युरम या कठीण जातीच्या गव्हाच्या रव्यामागे, किमान चार अंडी असावी लागतात आणि कवच वगळून त्यांचे वजन २०० ग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. ही किमान मर्यादा आहे. ‘अंड्याचा पास्ता’ हे नाव पाकिटावर छापण्यासाठी एवढे तरी हवे, इतकाच तिचा अर्थ आहे. इथे कायद्याला केवळ अंड्यांची संख्या पुरेशी वाटलेली नाही, कवचाविना वजनही त्याने सांगितले आहे, याकडे लक्ष द्यावे.

कारखान्यात उरलेला ओलावा साध्या पाण्याने भागवतात, आणि तोही कमीच ठेवतात, कारण तिथे पीठ यंत्राच्या जोरदार दाबाने साच्यातून बाहेर ढकलले जाते आणि त्यासाठी ओलसर चुराच लागतो. घरी साच्यातून पास्ता काढणारे छोटे यंत्र वापरणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे: त्यांच्या यंत्राच्या पुस्तिकेतले पाण्याचे प्रमाण हाताने मळायच्या कृतीपेक्षा बरेच कमी असते आणि भांड्यात गोळा न होता चुरा दिसणे, हेच तिथे बरोबर असते. ते प्रमाण हाताने मळायला घेतले तर गोळा कधीच होणार नाही.

जाता जाता, मोजमापाची ही हौस इटलीत पिठापाशी थांबत नाही. १६ एप्रिल १९७२ रोजी बोलोन्या शहरातील वाणिज्य मंडळात तालियातेल्ले या लांब, चपट्या पास्त्याच्या पट्टीचा सोन्याचा नमुना रीतसर जमा करण्यात आला. शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर असावी, आणि ती शहरातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग असते, असे त्या वेळी ठरवले गेले. अंडी तोलायला सांगितल्याबद्दल मला कुणी चिकित्सक म्हणू नये.

प्रश्न : पिवळ्या बलकांचा पास्ता अधिक चविष्ट होतो म्हणून एका अंड्याऐवजी त्याच वजनाचे तीन बलक घातले. पीठ इतके कोरडे झाले की लाटताच येईना. वजन बरोबर असूनही असे का झाले?

उत्तर : वजन बरोबर होते, पण पाणी कमी पडले. पास्त्याच्या पिठात आपण अंडे मोजतो, तेव्हा खरे म्हणजे पाणी मोजत असतो, कारण मैद्याला भिजवते ते अंड्यातले पाणी. पांढऱ्या भागात सुमारे ८८ टक्के पाणी असते. पिवळ्या बलकात ते निम्म्याच्या आसपास असते आणि एक चतुर्थांशाहून अधिक स्निग्धांश असतो. ५० ग्रॅमच्या संपूर्ण अंड्यातून मैद्याला ३७ ग्रॅमच्या आसपास पाणी मिळते. १८ ग्रॅमच्या एका बलकातून जेमतेम ९ ग्रॅम मिळते. म्हणजे तीन बलकांतून २७ ग्रॅम, आणि १०० ग्रॅम मैद्याला ते अपुरे आहे.

यावरून एक सोपा हिशेब निघतो. एका संपूर्ण अंड्याला १०० ग्रॅम पीठ, तर एका बलकाला २५ ग्रॅम पीठ. बलकातला स्निग्धांशही गोळा थोडा मऊ करतो, म्हणून सवय झाली की बलकामागे ३० ग्रॅमपर्यंत जाता येते. दोन अंडी आणि चार बलक घ्यायचे असतील, तर मैदा २०० अधिक १००, म्हणजे ३०० ग्रॅम घ्यावा. पिएमोन्ते प्रांतातील तायारिन नावाच्या बारीक शेवयांना किलोभर पिठात ३० ते ४० बलक घालतात. हा आकडा ऐकून डोळे विस्फारतात, पण भागाकार करून पाहिला तर तो १०० ग्रॅमला तीन ते चार बलक एवढाच येतो, आणि चार बलकांतले पाणी एका अंड्यातल्या पाण्याइतकेच असते. तुमच्या तीन बलकांच्या गोळ्यात एक ते दीड लहान चमचा पाणी घातले असते, तरी काम भागले असते.

प्रश्न : ‘दोन शून्य’ प्रकारचे पीठ, ड्युरम रवा, साधा मैदा आणि गव्हाचे पीठ यांना एकच माप चालते का?

उत्तर : चालत नाही, पण त्यांतला फरक फार मोठाही नाही. ‘दोन शून्य’ हा इटालियन प्रतवारीतला आकडा आहे आणि तो पीठ किती शुभ्र, किती कोंडाविरहित आहे हे सांगतो. त्या पिठातली राख, म्हणजे पीठ जाळल्यावर मागे उरणारा खनिजांचा अंश, ०.५५ टक्क्यांहून अधिक चालत नाही. प्रथिनांची किमान मर्यादा ९ टक्के आहे, वरची मर्यादा नाही, त्यामुळे दोन शून्याच्या दोन पाकिटांतही पाणी शोषण्यात फरक पडू शकतो. साधा मैदा त्याच्या जागी निर्धास्त वापरावा आणि प्रमाण अंड्यांच्या दुप्पटच ठेवावे.

ड्युरम गव्हाचा बारीक, दोनदा दळलेला रवा थोडे जास्त पाणी मागतो आणि ते सावकाश पितो. कोंड्यासकट गव्हाचे पीठ त्याहून जास्त पिते. शंभर टक्के तेच घेतले, तर १०० ग्रॅममागे साधारण ५ ते १० ग्रॅम पाणी वरून घालावे लागते. निम्मा मैदा आणि निम्मा बारीक रवा घेतल्यास अंड्यांचे वजन पिठाच्या ५० ऐवजी ५३ ते ५५ टक्के धरावे.

प्रश्न : आमच्याकडे अंडी वापरत नाहीत. पाण्याचे प्रमाण किती घ्यावे आणि ते कसे मोजावे?

उत्तर : अंडी न घालता पास्ता करणे ही तडजोड नव्हे. दक्षिण इटलीतील पुल्या प्रांतात ओरेक्किएत्ते हा कानाच्या पाळीच्या आकाराचा पास्ता रवा आणि पाणी एवढ्यावरच करतात. ड्युरम गव्हाच्या बारीक रव्याला त्याच्या वजनाच्या ४५ ते ५० टक्के पाणी लागते. ३०० ग्रॅमला १३५ ते १५० ग्रॅम. हाताने आकार द्यायचे असतील तर वरचा आकडा, यंत्रात लाटायचे असेल तर खालचा. फक्त मैदाच असेल, तर ४० ते ४५ टक्क्यांपासून सुरुवात करावी, मात्र मैदा आणि पाणी यांचा पास्ता शिजल्यावर रव्याच्या पास्त्याइतका टणक राहत नाही.

पाणी मोजायलाही काटाच वापरावा, कारण एक मिलिलिटर पाणी म्हणजे एक ग्रॅम. मापाच्या पेल्यावरच्या रेषा जाड असतात, आणि वाकून, पाण्याच्या पातळीला डोळा आणून पाहिले नाही, तर दहा-पंधरा मिलिलिटरची गल्लत सहज होते. पाणी कोमट घेतले तर रवा लवकर भिजतो. सगळे पाणी एकदम ओतू नये. शेवटचे दोन चमचे राखून ठेवावेत.

प्रश्न : पीठ आणि अंडी ग्रॅममध्ये तोलूनसुद्धा मिसळल्यावर सगळे ओल्या वाळूसारखे सुटे राहते. मग पाणी घातले की पुढे गोळा चिकट होतो. नेमके केव्हा थांबावे?

उत्तर : पाण्याचा चमचा हातात घेण्याआधी थांबावे. माप बरोबर असूनही पास्त्याचे पीठ पहिल्या काही मिनिटांत अपुरे भिजल्यासारखेच दिसते, कारण पाणी अजून पिठाच्या कणांच्या आत शिरलेले नसते. सुटा चुरा मुठीत दाबून पाहावा. तो मुठीच्या आकारात राहिला आणि बोटाने टोचल्यावर मोठ्या तुकड्यांत फुटला, तर पाणी पुरेसे आहे; सगळे गोळा करून तळहाताच्या टाचेने रेटून मळायला लागावे. मुठीत दाबूनही भुगाच राहिला आणि भांड्याच्या तळाशी पांढरे कोरडे पीठ दिसत असेल, तरच हात ओला करून मळावे. ओल्या तळहाताला एका वेळी जेवढे पाणी लागते, तेवढेच त्या क्षणी पुरते. एक लहान चमचा पाणी ३०० ग्रॅम पिठात पावणेदोन टक्क्यांची भर घालते, आणि दोन चमचे म्हणजे जवळपास साडेतीन टक्के. सुरक्षित पट्टीच मुळी पाच टक्क्यांची असल्याने हा आकडा लहान नव्हे.

आठ-दहा मिनिटे मळल्यावर गोळ्याचा पृष्ठभाग खडबडीत दिसला तरी चालेल. तो घट्ट झाकून निदान अर्धा तास ठेवावा. या वेळात ओलावा सगळीकडे सारखा पसरतो आणि मळताना ताणले गेलेले ग्लूटेन, म्हणजे पिठातल्या प्रथिनांचे लवचीक जाळे, सैल होते. अर्ध्या तासानंतर अंगठ्याने दाबून पाहिले, तर मघाशी जिथे भेगा पडत होत्या तिथे आता गुळगुळीत खळगा पडतो आणि तो हळूहळू भरून येतो. अंगठ्याला पीठ चिकटता कामा नये आणि खळग्याच्या कडा फाटता कामा नयेत. पाणी घालायचे की पीठ, याचा निर्णय या चाचणीनंतर घ्यावा.

हवेचाही परिणाम होतो. इटालियन नियमानुसार पिठात १४.५ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, पण कोरड्या हवेत उघडा राहिलेला मैदा त्याहून बराच कोरडा असू शकतो. ३०० ग्रॅम पिठात तीन टक्क्यांचा फरक म्हणजे ९ ग्रॅम पाणी, जवळजवळ दोन लहान चमचे. काटा हा फरक दाखवत नाही, म्हणून पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

प्रश्न : वजनकाटा नाही आणि इतक्यात घ्यायचाही नाही. काही मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तो कपाच्या कृतीपेक्षा भरवशाचा आहे. मोकळा करून, न दाबता भरलेला मैदा त्याच आकारमानाच्या अंड्यांच्या साधारण निम्म्या वजनाचा असतो. आपल्याला अंड्यांच्या दुप्पट वजनाचा मैदा हवा आहे. म्हणजे एकच भांडे घेऊन एक माप फेटलेल्या अंड्यांना चार मापे मैदा घ्यावा. भांडे केवढे आहे याला महत्त्व नाही. वाटी, पेला, काहीही चालेल, मात्र अंडी आणि पीठ दोन्ही त्याच भांड्याने मोजावीत. अंड्यांनी भांडे पूर्ण भरत नसेल, तर पातळ्यांचे गणित बिघडेल, म्हणून अंड्यांनी काठोकाठ भरेल एवढे लहान भांडे निवडावे आणि शिल्लक राहिलेले अंडे वेगळे ठेवावे. चौथे माप थोडे हात राखून घालावे.

बिनअंड्याच्या पास्त्याला हेच गणित लावू नये, कारण रवा मैद्यापेक्षा जड भरतो.

प्रश्न : मीठ आणि तेल पिठात घालावे का, आणि किती?

उत्तर : दोन्ही ऐच्छिक आहेत. ३०० ग्रॅम पिठाला बारीक मीठ पाव ते अर्धा लहान चमचा पुरते. खडे मीठ चमच्यात कमी बसते, ते घेऊ नये. इतके लहान वजन घरगुती काट्यावर विश्वासाने येत नाही, इथे चमचाच बरा. खरे मीठ उकळत्या पाण्यात पडते: १०० ग्रॅम पास्त्याला एक लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ. तेल एक लहान चमचा घातले तर गोळा मऊ होतो, पण तेल पिठाला भिजवत नाही, त्यामुळे तेल घातले म्हणून अंडे किंवा पाणी कमी करू नये.

प्रश्न : पालक घालून हिरवा पास्ता करताना प्रमाण दर वेळी बिघडते. पालक कसा मोजावा?

उत्तर : उकडून, गार करून आणि पिळून झाल्यावर मोजावा. कच्च्या पानांचे वजन इथे काहीच सांगत नाही. पालक नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच असतो आणि सगळा खेळ तुम्ही तो किती पिळला यावर असतो. स्वच्छ फडक्यात बांधून, थेंब पडणे थांबेपर्यंत पिळावा आणि मगच वाटून तोलावा. असा ५० ग्रॅम पालक पिठाला एका अंड्याहून किंचित जास्तच पाणी देतो, म्हणून तो एका अंड्याच्या जागी धरावा. ३०० ग्रॅम मैद्याला दोन अंडी आणि ५० ग्रॅम पिळलेला पालक हे प्रमाण सहसा दगा देत नाही. बिटाची किंवा अन्य भाजीची कोरडी पूड घालणार असाल, तर तिचे वजन पिठात मिळवून मग अंड्यांचा हिशेब करावा.

प्रश्न : चार माणसांसाठी किती पीठ भिजवावे? पाकिटावर माणशी ८० ग्रॅम लिहिलेले असते, तेवढाच ताजा पास्ता कमी पडला.

उत्तर : पाकिटातला पास्ता सुका असतो, आणि ताज्या पास्त्याच्या वजनात बरेचसे पाणी असते. १०० ग्रॅम मैदा आणि एक अंडे यांपासून १५० ग्रॅम ताजा पास्ता होतो; तोच पूर्ण वाळवला तर ११० ते ११५ ग्रॅमच उरतो. म्हणजे पाकिटातल्या ८० ग्रॅमची बरोबरी करायला ताजा पास्ता सुमारे ११० ग्रॅम हवा, आणि त्यासाठी माणशी ७० ग्रॅमच्या आसपास मैदा लागतो. चौघांसाठी तीन अंडी फोडून तोलावीत आणि त्यांच्या दुप्पट, म्हणजे सुमारे ३०० ग्रॅम पीठ घ्यावे. जेवणात पास्त्याखेरीज दुसरे काही नसेल तर चार अंडी घ्यावीत. सारण भरायचे असेल, तर माणशी ६० ग्रॅम मैदाही पुरतो, मात्र कातरताना कडेचे बरेच तुकडे निघतात. ते लगेच गोळा करून झाकले तर पुन्हा लाटता येतात. उघडे राहून वाळले, तर ते पिठात परत मिसळू नयेत, तसेच उकळून खावेत.